गल्ल्यावरून माइकसमोर : मराठवाड्यात बसून पॉडकास्ट आणि त्यावर आपलं नाव

पॉडकास्ट सुरू करायचाय म्हणून दुकानावर येणारी पोरं पहिला प्रश्न माइकचा विचारतात, दुसरा पैशाचा. दोन्हीचं सांगतो. पण त्याआधी ओळखीच्या चार लोकांचे मोबाइल मागून घ्या आणि तुमचा नंबर कोणत्या नावानं सेव्ह आहे ते बघा. आमच्या परभणीकडं कुणी नुसतं नाव लिहीत नाही. ‘गजू मोटर रिवाइंडिंग’, ‘बाबा टेम्पो मानवत’, ‘केमिस्ट्री सर लातूर’ असं असतं. माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि फवारणीच्या बाटलीला इकडं औषधच म्हणतात, म्हणून माझा नंबर वर्षानुवर्षं ‘परभणी औषधवाले’ होता. आता बऱ्याच मोबाइलात ‘कापूस रेडिओवाले दादा’ झालाय. आकाशवाणी परभणी ऐकत मोठी झालेली माणसं आहेत ही, पॉडकास्टलाही रेडिओच म्हणतात. मला चालतंय. शहरात पर्सनल ब्रँडच्या नावाखाली जे दोन-दोन दिवस शिकवतात, ते इथं त्या एका ओळीत मावतं. त्या ओळीत काय यावं हे तुम्ही ठरवलं नाही तर लोक ठरवून मोकळे होतात.

विषय चिरून घ्या

‘शेतीवर बोलणार’ म्हणालात की हजार जणांच्या मागं उभे राहिलात. मी कोरडवाहू कापूस आणि सोयाबीनवर बोलतो, तेही ज्याचं रान दहा एकराच्या आत आहे त्याच्यासाठी. ऊस, द्राक्ष, पॉलिहाउस माझ्याकडं नाही. कुणी विचारलं तर ‘ते मला कळत नाही’ म्हणतो आणि ज्याला कळतं त्याचा नंबर देतो. यानं माणूस तुटत नाही. कापसाचं काही निघालं की तोच फोन करतो.

तुमच्या हाताशी असं काहीतरी असणारच. लातूरला मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीला आलेल्या पोरांच्या खोल्या, मेस, रात्री दहाला येणारा घरचा फोन, यावर कुणी दर आठवड्याला नीट बोललं तर ऐकणारे तिथंच बसलेत. केज-धारूरकडून ऊसतोडीला कारखान्यावर जाणारी कोयत्याची माणसं आहेत. त्यांची उचल, मुकादम, मागं आजीपाशी राहिलेली लेकरं. वसमतची हळद आहे. नांदेडला हुजूर साहिबला देशभरातून येणारा पाहुणा आहे. संभाजीनगरच्या दरवाजांवर आणि लेण्यांवर बोलणारे पुष्कळ झालेत, तिथं शिरायचं असेल तर एखादाच मोहल्ला धरा.

कागदावर वीस भागांची नावं लिहून बघा. सातव्यालाच अडलात तर विषय तुमचा नाही. शंभर सुचायला लागले तर अजून चिरायला पाहिजे. लिहिताना कोणता भाग किती दिवस टिकतो तेही बघा. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये क्विंटल होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. आकड्यावर केलेला भाग एका हंगामात शिळा. पण खरेदी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट असते, तर घरून निघायच्या आधी दाणा दाताखाली धरून अंदाज कसा घ्यायचा, ताडपत्रीवर किती जाड पसरायचं, हा भाग दरवर्षी दसऱ्याच्या पुढं पुन्हा ऐकला जातो. शिळा होणारा एक असेल तर टिकणारे तीन करा. नवीन माणूस तुमच्याकडं येतो तो बहुतेक वेळा जुन्याच भागावरून येतो.

बोलणं घरचं

माइक पुढं आला की आपल्याकडचा माणूस एकदम सदाशिव पेठेत जातो. घरी ‘काय करायलास’ म्हणणारा ‘आपण काय करीत आहात’ म्हणतो. दुसरा प्रकार त्याहून वाईट, मुद्दामचं गावरान. मालिकेतल्या पाटलासारखं ‘आरं, लई भारी’. ऐकणाऱ्याला दोन्ही दुसऱ्या वाक्याला कळतं. जेवायला बसल्यावर जसं बोलता तसं बोला, उर्दूतले शब्द येतात ते येऊ द्या, परभणीची बोली त्याशिवाय होतच नाही. नुसत्या भिंतीकडं बघून जमत नसेल तर समोर माणूस बसवा. मी धाकट्या भावाला बसवायचो. तो मोबाइल काढतो तिथं मी नंतर कात्री लावतो, अजून तो अंदाज चुकलेला नाही.

लिहून वाचू नका. पाच-सहा मुद्दे चिठ्ठीवर, बास. पण आकडे, प्रमाण, तारीख मात्र लिहूनच ठेवा आणि दोनदा म्हणा. ऐकणाऱ्याच्या हातात खुरपं असतं, तो मागं नेऊन ऐकत बसत नाही.

माइक, पत्रे आणि मोटर

आता माइक. कॉलर माइक, वायरचा, काही शेकड्यात मिळतो. तो आणि तुमचा मोबाइल एवढ्यावर सुरुवात होते. जमायला लागलं की डायनॅमिक प्रकारचा माइक घ्या. कंडेन्सर घेऊ नका; स्टुडिओत तो गोड वाजतो, पण आपल्या घरात तो शेजारच्या पिठाच्या गिरणीसकट सगळं उचलतो. तोंड आणि माइकमध्ये चार बोटं अंतर, आणि माइक थोडा बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ ला फुंकर बसत नाही.

जागा माइकपेक्षा महत्त्वाची. रिकामी, फरशीची, रंगवलेली खोली घुमते. वाकळा-गोधड्या रचलेली खोली सगळ्यात चांगली. आमच्याकडं आईनं शिवलेल्या वाकळांची उतरंड आहे, तिच्याकडं तोंड करून मी बोलतो. पाठीमागं दोरीवर आणखी एक टाकतो. पत्र्याचं घर असेल तर एप्रिल-मेत दुपारी रेकॉर्डिंगचा नाद सोडा, पत्रे तापून कडकड वाजतात. पहाटे करा. पंखा बंद, फ्रिज बंद, लाइट गेलेली असेल तर इन्व्हर्टरही बंद, त्याची बारीक घूं नंतर निघता निघत नाही. मोबाइल एअरप्लेन मोडवर. बोलायच्या आधी दहा सेकंद गप्प राहून खोलीचा नुसता आवाज घ्या, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट काढताना तोच नमुना लागतो. ऑडॅसिटी फुकट आहे आणि मला तरी आजवर दुसरं काही लागलं नाही.

आवाजाची पातळी सगळ्या भागांत एकसारखी पाहिजे. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे, तिथं उणे १६ एलयूएफएस द्या; एलयूएफएस म्हणजे आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप. ॲपल पॉडकास्टवाले तेवढंच सुचवतात. एका माणसाचं बोलणं असेल तर फाइल मोनो, म्हणजे डाव्या-उजव्याला एकच आवाज, अशी ठेवा.

मग खरी परीक्षा. भाग तयार झाला की हेडफोनवर ऐकून समाधान मानू नका. मोबाइल शर्टाच्या खिशात टाका, स्पीकर चालू करा आणि चालू मोटरीपाशी जाऊन उभे राहा. शेतीची लाइट अजूनही कित्येक गावांत आठवड्याच्या पाळीनं रात्री येते. दोन वाजता रानात पाणी द्यायला गेलेला माणूस एकटा असतो, त्याला झोप आलेली असते, आणि खिशात कुणीतरी बोलत असलेलं त्याला बरं वाटतं. माझं निम्मं ऐकणं त्या वेळेचं आहे. त्या खिशातून, सदऱ्याच्या कापडामागून, शब्द न् शब्द कळला पाहिजे. कळत नसेल तर पाठीमागचं संगीत काढा.

संगीतावरनं आठवलं. सिनेमाचं गाणं लावू नका, पाच सेकंदसुद्धा नको. हक्काची तक्रार आली की भाग उडतो किंवा पैसे दुसऱ्याकडं जातात. गावातल्या वाजवणाऱ्याला पैसे देऊन दहा सेकंदांचा तुकडा करून घ्या आणि ‘हा तुकडा या कार्यक्रमासाठी कायम वापरायला दिला’ एवढं कागदावर सही करून घ्या. मला संबळ पाहिजे होतं, पण त्याचा घुमणारा आवाज मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही. हलगी येते, खणखणीत.

दुसऱ्याला बोलतं करताना

कापूस वेचणाऱ्या एका मावशीचा भाग मी तिच्या रानातच केला. घरी बसवलं तर बाई पाहुण्यांशी बोलल्यासारखी बोलते. माइक पदराला लावला, तर पदर सारखा सरकतो आणि खरखर येते. मग पोलक्याच्या खांद्याच्या काठाला लावला, वायर पाठीमागून घेतली, मोबाइल कमरेच्या ओटीत; कापूस त्याच ओटीत पडत होता, तेवढ्यापुरता मोबाइल गादीवर झोपल्यासारखा. पऱ्हाटीची सुकलेली बोंडं साडीला घासल्याचा आवाज राहिला, तो मी ठेवला. ‘तुमचं नाव, गाव’ असं सुरुवातीला विचारलं की माणूस तहसीलमध्ये उभा राहिल्यासारखा होतो. मी विचारलं, ‘आज सकाळी चूल कधी पेटवली, मावशी?’ तिथून ती डबा, पोरीची शाळा, किलोमागं मिळणारा वेचणीचा भाव, संध्याकाळी काट्यावर वजन करताना मालक दव म्हणून किती कापतो, इथपर्यंत आपोआप आली. मी सगळे मिळून चार-पाच प्रश्न विचारले असतील.

पण माइक लावायच्या आधी तिला सांगितलं होतं, ‘हे मोबाइलवर कुणालाबी ऐकू येईल, तुमच्या मालकालासुद्धा.’ ती थांबली. म्हणाली, ‘दव कापायचं त्यात राहू दे, पर आमच्या गावाचं नाव नको घेऊ लेकरा.’ ते नाव त्या भागात नाही. होकार रेकॉर्डवरच घ्यायचा, आणि भाग टाकायच्या आधी ज्याचं बोलणं आहे त्याला एकदा ऐकवायचा. लहान भागात राहतो आपण. एका माणसाला अडचणीत आणलं की पुढचे दहा तुमच्या माइकसमोर बसत नाहीत.

टाकायचं कुठं

पॉडकास्ट हे नाव २००४ साली निघालं, २००५ ला ॲपलनं आयट्यून्समध्ये त्याला जागा दिली, पण मुळाशी जे आहे ते तेव्हा होतं तेच आहे : आरएसएस फीड. तुम्ही ऑडिओ एका होस्टिंगवर, म्हणजे फाइल ठेवून घेणाऱ्या वेबसाइटवर, चढवता, तिथून एक फीड तयार होतं आणि सगळी ॲप्स त्याच फीडवरून भाग उचलतात. हे फीड म्हणजे तुमचा सातबारा. २०२४ ला गूगल पॉडकास्ट बंद पडलं तेव्हा ज्यांचं फीड स्वतःच्या ताब्यात होतं त्यांचं काही गेलं नाही, ऐकणारे दुसऱ्या ॲपवर गेले आणि भाग तिथं हजर होते. म्हणून होस्टिंग निवडताना, ते फुकट स्पॉटिफायचं असो की पैसे देऊन घेतलेलं, एकच बघा : उद्या सोडून जायचं म्हटलं तर फीड नवीन पत्त्याकडं वळवून देतात का. आणि खातं स्वतःच्या ईमेलवर काढा. भाच्याच्या ईमेलवर काढलेली खाती भाचा पुण्याला नोकरीला गेला की हाती लागत नाहीत.

कार्यक्रमाचं नाव असं ठेवा की एसटीत बसून फोनवर एकदा सांगितलं तर समोरच्याला टाइप करता येईल. इंग्रजी-मराठी स्पेलिंगचा घोळ होईल असं नको. चित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचं करा, पण बघा अंगठ्याच्या नखाएवढं करून. तेवढ्यात तुमचा चेहरा किंवा दोन शब्द दिसले नाहीत तर बदला. सगळीकडं तेच चित्र, तेच नाव, तीच एका वाक्याची ओळख. नाव जम धरायला लागलं की ट्रेडमार्कचा अर्ज करून ठेवा, ४१ व्या वर्गात; एकट्या माणसाला ऑनलाइन सरकारी फी ४,५०० रुपये आहे.

स्पॉटिफाय, ॲपल सगळीकडं असा, पण खरी वर्दळ इकडं यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर आहे. यूट्यूबवर एका स्थिर चित्रावरही भाग चालतो. तिथं जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. त्याच्या मागं लागून शॉर्ट्सवर नाचू नका, त्या पैशावर घर चालत नाही.

व्हॉट्सॲपचं मात्र गणित समजून घ्या. तिथं ऑडिओ फाइल जेवढी हलकी तेवढी बरी. वीस मिनिटांचा भाग मोनो, ६४ केबीपीएसवर काढला तर साडेनऊ-दहा एमबी होतो, आरामात जातो. अशा फिरत्या फाइलची मोजणी कुठल्याच डॅशबोर्डवर येत नाही, म्हणून कित्येकजण पाठवत नाहीत. मी पाठवतो. फक्त पहिल्या अर्ध्या मिनिटात आणि शेवटी स्वतःचं नाव, गाव आणि कार्यक्रमाचं नाव बोलायचं, कारण फाइल फिरत फिरत जिंतूरहून कंधारला पोचते तेव्हा तिच्यावर दुसरी काही खूण नसते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि मेसेज फक्त ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच जातो. म्हणजे ती लिस्ट किती भरली, हेच तुमचं खरं मोजमाप. माझ्या लेखी दहा हजार व्ह्यूजपेक्षा एक भरलेली लिस्ट मोठी.

वार एकच धरा आणि हंगामाप्रमाणे सुट्टी जाहीर करून घ्या. माझे खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम होतात, मधे बंद. पोळ्याला भाग नाही, सांगून नाही.

पैसा

इथं माझी जागा अवघड आहे, कारण मी औषधं विकतो आणि औषधांवर बोलतोही. म्हणून बोलताना कंपनीचं नाव घेत नाही, बाटलीवरच्या घटकाचं नाव घेतो; लेबलवर ज्या पिकाला, ज्या किडीला, जेवढं प्रमाण दिलंय तेवढंच सांगतो. फवारणीचा प्रत्येक भाग हातमोजे, मास्क आणि वाऱ्याच्या दिशेपासून सुरू होतो. २०१७ ला शेजारच्या यवतमाळात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, ते इकडं कुणी विसरलेलं नाही. एका कंपनीचा माणूस टॉनिकचं कौतुक ‘सहज बोलल्यासारखं’ करायला पैसे घेऊन आला होता. जाहिरात म्हणून करतो म्हटलं, तर त्याला नको होती.

जाहिरात घ्या, जरूर घ्या. पण ‘ही जाहिरात आहे’ हे सुरुवातीलाच आणि शेवटीही, त्याच आवाजात, मराठीत सांगा. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच मागतात, आणि फुकट आलेली वस्तूही त्यात येते. ज्याची वस्तू स्वतःच्या भावाला विकणार नाही त्याची जाहिरात नको. भागाप्रमाणे पैसे ठरवू नका, हंगामाप्रमाणे ठरवा, निम्मे आधी घ्या. करारात लिहा की जाहिरातीच्या मजकुरापलीकडं भागात काय बोलायचं ते तुम्हीच ठरवाल, आणि तुमचा आवाज दुसरीकडं वापरायचा तर वेगळे पैसे.

सुरुवातीला जाहिरातीपेक्षा इतर वाटा बऱ्या. तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीला त्यांच्या सभासदांसाठी महिन्याला एक ऑडिओ करून देणं, बियाणाच्या दुकानदाराला, शाळेला, पतसंस्थेला बोलणं नीट रेकॉर्ड करून देणं. हे कुणाला दिसत नाही, पण महिन्याचं वीजबिल आणि पेट्रोल त्यातनं निघतं. ऐकणाऱ्यांकडून यूपीआयवर मदत मागायला लाजू नका, वर्षातून एकदाच मागा.

कागदाचं थोडक्यात : लहान धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या दलालाला परत पाठवा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी. एखाद्या कंपनीनं वर्षात २० हजारांच्या वर किमतीच्या वस्तू दिल्या तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो, म्हणजे फुकटचा ड्रोन फुकट नसतो. बाकी सीएला विचारा, यूट्यूबला नको.

दुरुस्ती

माहिती बदलते. एखाद्या कीटकनाशकाची परवानगी जाते, योजनेची तारीख पुढं ढकलली जाते. तेव्हा जुना भाग उडवू नका, त्याची लिंक शेकडो ग्रुपवर पडलेली असते आणि ती उघडली नाही तर लोकांना वाटतं तुम्ही दुकान गुंडाळलं. होस्टिंगवर त्याच भागाची ऑडिओ फाइल बदलता येते, लिंक तीच राहते. सुरुवातीला वीस सेकंद नवीन बोलून जोडा : काय बदललं, कधीपासून. यूट्यूबवर फाइल बदलत नाही, तिथं वर्णनाच्या पहिल्या ओळीत आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये लिहा. व्हॉट्सॲपवर फिरलेली जुनी फाइल मात्र परत येत नाही. म्हणून दर भागात महिना आणि साल तोंडानं बोला, म्हणजे तीन वर्षांनी ती कुणाच्या हाती पडली तरी त्याला कळेल की प्रमाण आधी विचारून घ्यायचं.